ध्वनिप्रारणाच्या समाकल पद्धती
कंप पावणाऱ्या पदार्थापासून भोवतालच्या हवेत वा पाण्यात पसरणारा ध्वनी, पदार्थाच्या पृष्ठभागावरील दाब व वेग यांच्या समाकलावरून काढण्याच्या गणितीय पद्धती. यंत्रांची आवरणे, विद्युत् रोहित्रे, पाणबुड्या इत्यादींचा आवाज प्रत्यक्ष बांधणीपूर्वीच अजमावण्यासाठी त्या वापरतात. हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी १८६० मध्ये मांडलेले सूत्र त्यांच्या मुळाशी आहे. भोवतालचे अमर्याद माध्यम विचारात न घेता केवळ पृष्ठभागाचे लहान घटक पाडले की पुरते, हा त्यांचा मोठा फायदा होय. एका तरंगलांबीत किमान सहा घटक असावेत, असा सर्वसाधारण संकेत आहे.

घटक कितीही लहान केले, तरी दूर न होणारा एक दोष मात्र या पद्धतींत आहे. पृष्ठभागाचा वेग माहीत असता बाहेरील ध्वनीचे उत्तर भौतिक दृष्ट्या एकच असते. परंतु त्याच आकाराच्या व सीमेवर दाब शून्य असलेल्या काल्पनिक पोकळीच्या स्वाभाविक कंप्रतांना (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्यांना) समाकल समीकरणास अनंत उत्तरे मिळतात. पदार्थ भरीव असला, तरी असे घडते. कारण दोष पदार्थाचा नसून समीकरणाचा असतो. उदा., १ मी. व्यासाच्या गोलाच्या बाबतीत, हवेतील ध्वनिवेग सेकंदास ३४० मी. धरल्यास, अशी पहिली कंप्रता ३४० हर्ट्‌झ येते. तिच्या अगदी निकटही उत्तर अविश्वसनीय ठरते.

एच. ए. शेंक यांनी १९६८ मध्ये यावर उपाय सुचविला. पृष्ठभागाच्या आतील बिंदूंसाठी तेच समाकल शून्य यावे लागतात. म्हणून काही अंतर्बिंदूंची समीकरणे मूळ समीकरणांना जोडून ती सर्व लघुतम वर्ग पद्धतीने सोडवितात. मात्र हे बिंदू पोकळीतील निस्पंद पृष्ठावर (जेथे दाब सतत शून्य असतो अशा पृष्ठावर) असून चालत नाहीत. वरील गोलाचा मध्य ३४० हर्ट्‌झला उपयोगी पडतो, परंतु सु. ४८६ हर्ट्‌झ या पुढील कंप्रतेला तो निस्पंद पृष्ठावर येत असल्याने निरुपयोगी ठरतो. कंप्रता वाढते तशी ही पृष्ठे दाट होत जातात व बिंदूंची निवड अवघड होते.

ए. जे. बर्टन व जी. एफ. मिलर यांनी १९७१ मध्ये मूळ समीकरणात त्याचाच पृष्ठभागाला लंब दिशेतील अवकलज संमिश्र गुणकासह मिळविला. या दोन समीकरणांना समाईक उत्तर एकच असल्याने सर्व कंप्रतांना एकमेव उत्तर मिळते. मात्र अवकलजातील समाकल विचाराधीन बिंदूपाशी अनंताकडे जात असल्याने त्यांची आकडेमोड विशेष काळजीने करावी लागते.

असे उपाय न योजल्यास गणितातील आभासी शिखर खऱ्या अनुस्पंदनाचे समजले जाऊन यंत्राच्या रचनेत निष्कारण बदल केले जाण्याचा संभव असतो.