मार्गदर्शनाचा आरंभ आठवीतच हवा

नीरेकाठच्या आमच्या अकलुजात दहावीचा निकाल लागला की घरोघर एकच खल चालतो : मुलास कोणत्या शाखेस घालावे? ज्याच्याविषयी हा खल, तो बहुधा मुकाट उभा असतो. वास्तविक हा प्रश्न एका दिवसात सुटण्याजोगा नव्हे. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात दर दहा माध्यमिक शाळांमागे एक समुपदेशक सुचविला. महाराष्ट्रात 2016 साली दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणीही झाली. परंतु चाचणीने कल कळेल. मनातील भय नित्य सहवासानेच कळते.

म्हणून शाळेने आठवीपासून प्रत्येक विद्यार्थ्याची वही ठेवावी. तीत गुण थोडे असावेत. तो कशात रमतो, कशास बुजतो, हे अधिक. गणितशिक्षकांची नोंद चित्रकलाशिक्षकांनीही वाचावी. गळिताच्या हंगामात कोणी वारंवार गैरहजर राहिला, तर शिक्षेआधी कारण विचारावे. (पूर्वी छडी हेच समुपदेशन समजत!) नववीत पालकांस बोलवावे, घरात शब्द आजोबांचा चालत असेल, तर आजोबांसही. विश्वासाने सांगितलेले गुपित मात्र वहीत उतरू नये. मुलाच्या जिवास वा अब्रूस धोका दिसल्यास मौन धरू नये. 1098 हा बालकांसाठीचा दूरध्वनी त्याकरिताच अहोरात्र चालू असतो.