सुगी, ऊसतोड आणि नाताळ

८ सप्टेंबर रोजी पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाने सुरू होणारी सणांची मालिका जानेवारीत प्रभू येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालू राहते. धर्मग्रामांतून हे चार महिने वर्षातील सर्वांत गजबजलेले असतात. हरेगावची मतमाउली यात्रा आटोपते न आटोपते तोच जपमाळेचा महिना येतो आणि पाहता पाहता नाताळची गाणी बसविण्याची वेळ होते.

परंतु औरंगाबाद धर्मप्रांतात मोडणाऱ्या परभणी जिल्ह्यात याच काळात शेतीची कामेही ऐन भरात असतात. पूर्णा तालुक्यातील ताडकळसच्या परिसरात ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी व मळणी, त्यापाठोपाठ रब्बी ज्वारी आणि हरभऱ्याची पेरणी, मग कापसाची वेचणी अशी कामांची रांग लागते. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात, त्या गळीत हंगाम संपल्यावरच परततात. ज्या ख्रिस्ती कुटुंबांचा चरितार्थ या कामांवर आहे, त्यांचे घर नाताळात बंद असते. अशा कुटुंबांनी सण कसा पाळावा आणि त्यांची काळजी कोणी वाहावी, याविषयी ख्रिस्तसभेची शिकवण व नियम काय सांगतात, ते येथे पाहू.

शेताच्या बांधावरही होणारी प्रार्थना

पोप तेरावे लिओ यांनी १८८३ साली ऑक्टोबर महिना जपमाळेच्या प्रार्थनेला वाहिला. या भक्तीला मंदिर लागत नाही, धर्मगुरूही लागत नाही. मळणी यंत्राची वाट पाहत बसलेले कुटुंबही ती करू शकते. २ नोव्हेंबर हा मृत भाविकांचा स्मरणदिन. टोळीत जाणारी अनेक कुटुंबे त्याच सुमारास गाव सोडतात. जाण्यापूर्वी आपल्या माणसांच्या कबरीवर मेणबत्ती लावून प्रार्थना करता आली, तर तोच प्रवासाचा आशीर्वाद ठरतो. नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यांत ख्रिस्तराजाचा सण येतो व उपासना वर्ष संपते. पुढच्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो. आगमनकाळाचे चार रविवार म्हणजे प्रतीक्षेचे दिवस; मात्र त्या वेळी पुष्कळ जण फडावर पोहोचलेले असतात.

फडावरचा भाविक कोणाचा?

येथे एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. १९८३ सालच्या धर्मसंहितेनुसार एखादी व्यक्ती दुसऱ्या धर्मग्रामाच्या हद्दीत किमान तीन महिने राहण्याच्या उद्देशाने गेली, तर तेथे तिचे तात्पुरते वास्तव्य मानले जाते (नियम १०२). अशा वास्तव्यामुळे तेथील धर्मगुरू हे तिचेही धर्मगुरू होतात (नियम १०७). ऊसतोडीचा हंगाम साधारणपणे तीन महिन्यांहून मोठा असतो. म्हणजे कोपीत राहणारे ऊसतोड कुटुंब तेथील धर्मग्रामाचे पाहुणे नसून त्याच धर्मग्रामाचे भाविक आहे. त्याच वेळी गावाकडील धर्मग्रामाशी असलेले त्याचे नातेही तुटत नाही. एका कुटुंबाची जबाबदारी अशा रीतीने दोन धर्मग्रामांवर येते आणि दोघांनी ती एकमेकांवर सोपविली, तर कुटुंब मात्र एकाकी पडते.

त्यामुळे टोळी निघण्यापूर्वी गावच्या धर्मगुरूंनी कुटुंबांची नावे, मुलांची वये आणि कारखान्याचे ठिकाण लिहून तिकडच्या धर्मगुरूंना कळविणे फार उपयोगी ठरते. बाप्तिस्मा किंवा प्रथम कम्युनिअनच्या तयारीत असलेल्या मुलांची नोंद तर आवर्जून द्यावी; नाही तर दर हंगामात त्यांची धर्मशिक्षणाची सहा महिन्यांची खोट पडते आणि ती पुढे भरून निघत नाही.

नाताळ एका रात्रीचा नाही

दिवसभर मोळ्या बांधून थकलेल्या माणसाला दूरच्या चर्चमध्ये मध्यरात्री जाणे शक्य होत नाही. पण नाताळच्या उपासनेत त्याच्यासाठीही जागा आहे. २४ डिसेंबरच्या सायंकाळची मिस्सा, रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची, अशा चार मिस्सांच्या प्रार्थना व वाचने ख्रिस्तसभेने ठरविली आहेत. रात्रीची मिस्सा बरोबर बारालाच झाली पाहिजे, असे बंधन नाही. नियम १२४८ नुसार सणाच्या दिवशी किंवा आदल्या सायंकाळी कोणत्याही कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा ऐकल्यास कर्तव्य पूर्ण होते. धर्मगुरूंअभावी किंवा अन्य गंभीर कारणामुळे मिस्सा अशक्य असेल, तर प्रभुशब्दाच्या उपासनेत भाग घ्यावा किंवा कुटुंबाने एकत्र प्रार्थना करावी, असे तोच नियम सुचवितो. शिवाय नाताळकाळ २५ तारखेला संपत नाही. तो प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. धर्मगुरू २८ किंवा ३० डिसेंबरला फडावर पोहोचले, तरी ते नाताळच साजरा करीत असतात.

असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेचिओ येथे गव्हाणी मांडली, तेव्हा वाळलेला चारा आणि खरे बैल व गाढव तेवढे लागले. कोपीसमोर उसाच्या पाचटावर मांडलेली गव्हाणी त्या पहिल्या गव्हाणीहून फारशी निराळी नसते.

पहाटेच्या मिस्सेचे शुभवर्तमान मेंढपाळांचे आहे. रात्री कामावर असलेल्या, नावनोंदणीसाठी गावी न गेलेल्या त्या माणसांना ही वार्ता सर्वांआधी मिळाली. आपल्या धर्मग्रामात यंदा रोषणाई व गीतस्पर्धेची यादी करताना एक यादी गावाबाहेर गेलेल्या कुटुंबांचीही व्हावी. त्यांच्यापर्यंत कोणी तरी पोहोचावे आणि त्यांच्या कोपीतही बाळ येशूचा जन्म साजरा व्हावा, हीच प्रार्थना.