नदीची वाट आणि सायकल

डोंगराळ मुलखात सायकल न्यायची म्हटले, की घाटाची धास्ती वाटते. पसरणीच्या घाटाने वाईहून पाचगणी गाठायची, तर सुमारे 600 मीटर उंची चढावी लागते. उलट कृष्णेच्या काठाने मेणवलीकडे निघालो, तर पाय थकत नाहीत. कारण पाण्याने युगानुयुगे कोरलेला सौम्य चढ तेथे आयता मिळतो.

मात्र धोमपुढे हे सुख संपते. धरणाच्या जलाशयाखाली खोऱ्याचा तळच बुडाला आहे. वाट डोंगरउताराला लागते. सोंड आली की चढायचे, ओढा आला की उतरायचे. केवळ अंतरावरून वेळ ठरवणाऱ्याला अंधार वाटेतच गाठतो.

मुरमाच्या अशा वाटांसाठी हल्ली ‘ग्रॅव्हल’ सायकल मिळते. तिचे टायर साधारण 40 मिलिमीटर रुंद असतात व त्यांत हवा बेताची ठेवतात. कडक टायर प्रत्येक खड्यावरून उसळतो. बेताच्या हवेचा टायर खड्यावर दबतो आणि जमीन सोडत नाही. पण हवा फारच कमी केली, तर दगड व रिम यांच्यामध्ये सापडून ट्यूब फाटते. उतारावर वेग वळणाआधीच आवरावा. सैल मुरमावर ऐन वळणात करकचून ब्रेक दाबला, की चाक घसरलेच!

तेव्हा निघण्यापूर्वी किलोमीटर तर मोजावेतच. पण वाटेतले ओढे आणि सोंडाही मोजाव्यात, आणि परतीचा वेळ त्या हिशेबाने धरावा.