खारपाणपट्टा : जिप्समच्या आधी निचऱ्याचा चर

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांत सुमारे 4,700 चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा भागात जोराचा पाऊस झाला की वावरात पाणी साचून राहते, कपाशी पिवळी पडते, तूर वाळते.

पाणी का मुरत नाही?
या चिकण काळ्या मातीत सोडियम जास्त असतो. ओली झाली की माती फुगते, तिचे कण सुटे होतात आणि छिद्रे बुजतात. विहिरीचे पाणीही खारे असते. त्याने ओलीत केल्यास त्रास वाढतो.

जिप्सम एकटे का पुरत नाही?
जिप्सममधील कॅल्शियम मातीतील सोडियमला हटवतो. सुटलेला सोडियम पावसाच्या पाण्यासोबत वावराबाहेर गेला पाहिजे. वाटच नसेल तर तो तिथेच राहतो आणि जिप्समचा खर्च वाया जातो.

इंग्लंडचा धडा
इंग्लंडच्या फेन्स या दलदलीच्या भागात 17 व्या शतकात डच अभियंता व्हर्मुयडेन यांनी मोठे कालवे खोदले. पाणी गेले, पण तिथली कुजलेल्या वनस्पतींची माती आकसून जमीन खचली. होल्म फेन येथे 1851 मध्ये जमिनीच्या पातळीपर्यंत गाडलेला लोखंडी खांब आज सुमारे 4 मीटर उघडा आहे. पाणी उपसायला आधी पवनचक्क्या, मग वाफेची इंजिने, आता पंप लागतात. आपली माती तशी खचणारी नाही. पण चर एकदा खोदला म्हणजे काम संपले असे नसते, हे मात्र इथेही खरे आहे.

काय करावे?
• मे महिन्यात धुऱ्यालगतचे चर उताराच्या दिशेने खोदून नाल्याला जोडा. जुने चर गाळमुक्त करा.
• शेजाऱ्याच्या वावरात पाणी सोडू नका. चराची वाट आधी मिळून ठरवा.
• पेरणी रुंद वरंबा सरी पद्धतीने करा.
• जादा पाणी शेततळ्यात घ्या. हरभऱ्याला एखादे संरक्षित ओलीत देता येते.
• माती परीक्षणाच्या शिफारशीनुसारच, पावसाळ्यापूर्वी जिप्सम मातीत मिसळा. त्यासाठी सहायक कृषी अधिकारी किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्या.

पहिल्या मोठ्या पावसानंतर फावडे घेऊन वावरात फिरा. पाणी जिथे थांबले, तिथे खुंटी ठोका. पुढच्या चराची जागा तीच.