दिव्याचा कान पिळू या

कंदील तुम्ही पाहिला असेल. उर्दूत त्यालाच लालटेन म्हणतात. त्याच्या बाजूला एक छोटी चावी असते. ती एका बाजूला फिरवली की वात वर येते आणि उजेड वाढतो. उलट फिरवली की वात खाली जाते आणि उजेड मंद होतो. घरात कोणी आजारी असले किंवा बाळ झोपलेले असले, तर वडीलधारी माणसे हळूच म्हणत, "वात कमी करा." विजेचा दिवा आला आणि ही सोय गेली. बटण दाबले की दिवा पूर्ण पेटतो, पुन्हा दाबले की पूर्ण विझतो.

समजा, तुमचे घर ताडकळसला आहे. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातले हे गाव. उन्हाळ्याची रात्र आहे आणि वीज गेली आहे. दादीला माठापर्यंत जायचे आहे. मोबाईलची टॉर्च लावली तर धाकटा भाऊ जागा होईल. न लावली तर दादी अंधारात अडखळेल. अशा वेळी कंदिलासारखा कमी-जास्त होणारा एक लहानसा दिवा हवा. तो तुम्ही स्वतः तयार करू शकता.

सामान थोडेच लागते. एक लाल एलईडी, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, तिच्यावर बसणारी क्लिप, ४७० ओहमचा एक रोधक, १० हजार ओहमचा एक पॉट आणि वीतभर वायर. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांकडे हे सारे असते. गावात मिळाले नाही, तर परभणीला जाणाऱ्या कोणाला तरी आणायला सांगा. पॉट हे नाव नवे वाटेल, पण ती वस्तू तुमच्या ओळखीची आहे. रेडिओचा आवाज लहान-मोठा करण्यासाठी आपण जे बटण फिरवतो, म्हणजेच त्याचा कान पिळतो, त्याच्या मागे बहुधा पॉटच असतो.

आता एक शब्द नीट समजून घेऊ. वायरमधून विजेचा जो प्रवाह वाहतो, त्याला मराठीत विद्युतधारा म्हणतात. तुमच्या उर्दू पुस्तकातली 'बर्की रौ' ती हीच. धारेला होणारा अडथळा म्हणजे रोध, उर्दूत मुजाहमत. रोध ओहममध्ये मोजतात. गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली आपला नियम पुस्तकरूपाने मांडला. त्यानुसार व्होल्टला ओहमने भागले की धारा मिळते. आपल्या दिव्याचा सगळा हिशेब याच भागाकारावर चालतो.

लाल एलईडी पेटताना साधारण २ व्होल्ट घेतो. बॅटरी ९ व्होल्टची आहे. मग उरलेले ७ व्होल्ट कोठे जातील? ते रोधकाने घ्यायचे असतात. ७ भागिले ४७० केले की सुमारे १५ मिलिअँपिअर धारा येते. लहान एलईडी साधारण २० मिलिअँपिअरपर्यंत धारा सोसतो, म्हणून १५ त्याला मानवते. रोधक न लावता एलईडी सरळ बॅटरीला जोडला, तर धारा अडवणारे जवळजवळ काहीच उरत नाही. एलईडी क्षणभर झगमगतो आणि कायमचा मरतो. पैसे वाया गेले की मगच हे समजावे, असे नाही.

पॉटच्या पोटात घोड्याच्या नालेसारखी वाकलेली कार्बनची पट्टी असते. तिची दोन टोके म्हणजे पॉटचे कडेचे दोन पाय. मधला पाय पट्टीवर सरकणाऱ्या धातूच्या जिभेला जोडलेला असतो. बटण फिरवले की जीभ सरकते. धारेला पट्टीवरून जितके लांब चालावे लागेल, तितका रोध जास्त. जीभ अगदी टोकाशी आली की रोध जवळजवळ शून्य होतो. त्या क्षणी एलईडीला वाचवणारा एकच रक्षक उरतो, तो म्हणजे ४७० ओहमचा रोधक. "पॉट आहे, मग रोधक कशाला?" असे तुमचा मित्र विचारील, तेव्हा त्याला हेच सांगा.

आता जोडणी करू. बॅटरीच्या लाल वायरला रोधक जोडा. रोधकाचे दुसरे टोक पॉटच्या मधल्या पायाला जोडा. पॉटच्या कडेच्या एका पायापासून वायर एलईडीच्या लांब पायाला न्या. एलईडीचा आखूड पाय बॅटरीच्या काळ्या वायरला जोडा. कडेचा दुसरा पाय मोकळा राहू द्या. उघड्या वायरी एकमेकींना लागू देऊ नका. दिवा पेटला नाही, तर बहुधा एलईडी उलटा बसला आहे. बॅटरी काढा आणि त्याचे पाय बदला.

बटण सावकाश फिरवून पाहा. सुरुवातीला दिवा अगदी मिणमिणता असतो. त्या वेळी धारा एक मिलिअँपिअरहूनही कमी असते. बटण अर्धे फिरले तरी ती सव्वा मिलिअँपिअरच्या आसपासच असते. धारेची खरी वाढ शेवटच्या थोड्या फेऱ्यात होते. पॉट बिघडला असे समजू नका. भाजक लहान होत गेला की भागाकार एकदम वाढतो, हे तुम्ही गणितात शिकला आहातच.

आणखी एक गोष्ट तुमच्या ध्यानात येईल. बटण कितीही मागे नेले, तरी दिवा पूर्ण विझत नाही. कंदिलाची वात फार खाली नेली तर विझते. येथे मात्र थोडी धारा वाहतच राहते. म्हणून सकाळी बॅटरीची क्लिप काढून ठेवा. या दिव्यावर पुस्तक वाचता येणार नाही, पण दादीला माठ दिसेल आणि भाऊ झोपून राहील. मंद ठेवला तर एक बॅटरी पुष्कळ रात्री पुरते.

मात्र या पद्धतीत एक खोट आहे. बॅटरीच्या ९ व्होल्टांपैकी ७ व्होल्ट रोधातच खर्च होतात आणि त्यांची उष्णता होते. आपल्या दिव्यात ती हाताला जाणवतही नाही. पंख्याचे जुने, मोठ्या डब्यासारखे रेग्युलेटर मात्र याच कारणाने गरम होत. आज एलईडीचा प्रकाश कमी करताना पुष्कळ ठिकाणी वेगळी युक्ती वापरतात. दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. बंद राहण्याचा वेळ वाढवला की आपल्या डोळ्यांना तो मंद दिसतो.

हा पॉट भिंतीतल्या विजेला कधीही जोडू नका. तेथे २३० व्होल्ट असतात. पॉट जळेल आणि जिवावरही बेतेल. आपला खेळ ९ व्होल्टच्या बॅटरीपुरताच.

बटण उजवीकडे फिरवल्यावर उजेड वाढावा असे तुम्हांला वाटते, पण तो कमी होतो आहे का? मग बॅटरी काढा, कडेच्या पायाची वायर सोडवून मोकळ्या पायाला लावा, आणि पुन्हा कान पिळून पाहा.