सोप्या उतारावर पडतो कोण?

‘शंभर टक्के उतार म्हणजे किती अंश?’ हा प्रश्न दहावीच्या वर्गात विचारून पाहा. बरीच मुले बेधडक ‘नव्वद’ म्हणतील. शंभर टक्के म्हणजे भिंतीसारखा उभा कडा, आणखी काय! खरे उत्तर आहे ४५. आडवे शंभर मीटर गेल्यावर आपण किती मीटर खाली आलो, ती उताराची टक्केवारी. म्हणजे कोनाची टॅन्जंट गुणिले शंभर. या साध्या गुणोत्तराच्या भरवशावर दर हिवाळ्यात लाखो माणसे आल्प्सच्या उतारांवर स्वतःला झोकून देतात.

उदाहरणासाठी स्वित्झर्लंडमधील दावोस घेऊ. जानेवारीतल्या गुंतवणूक करारांच्या बातम्यांमुळे हे नाव आपल्या कानावरून गेलेले असते. गाव सुमारे १५६० मीटर उंचीवर आहे. शेजारचा याकॉब्सहॉर्न हा डोंगर स्नोबोर्डवाल्यांचा लाडका. स्नोबोर्ड म्हणजे सुमारे दीड मीटर लांब आणि वीतभर रुंद फळी. तिच्यावर दोन्ही पाय आडवे बांधून, एक खांदा पुढे करून उभे राहायचे. १९६५ साली अमेरिकेतील मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या, तिथून हा खेळ वाढला आणि १९९८ साली नागानोच्या ऑलिंपिकमध्ये पोहोचला.

इथले आखलेले उतार रंगांनी ओळखतात. निळा साधारण २५ टक्क्यांपर्यंत, तांबडा ४० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे काळा. अंशांत सांगायचे तर निळ्याची मर्यादा १४ आणि तांबड्याची २२. बालोद्यानातल्या घसरगुंडीचा उतार सहसा याहून जास्त असतो! मग या ‘सोप्या’ निळ्या उताराला घाबरायचे कशाला?

उत्तर घर्षणात आहे. मेण लावलेली फळी आणि हिम यांच्यातला घर्षणांक ०.०५ च्या आसपास धरता येतो. म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त उतार असला की फळी आपणहून थांबायची नाही. १४ अंशांच्या उतारावर सरळ खाली सोडून दिलेल्या माणसाचे त्वरण सेकंदाला सेकंदाला १.९ मीटर येते. हवेचा विरोध सोडून दिला तर ५० मीटरवर त्याचा वेग ताशी ५० किलोमीटर होतो. बावीस अंशांवर तो ६४ भरतो. फरक आहे, पण शिकाऊ माणसाला दोन्ही सारखेच भारी.

जाता जाता एक गोष्ट. तारेने बर्फाची लादी कापण्याचा प्रयोग आपण वर्गात करतो आणि दाबामुळे बर्फ वितळतो म्हणून स्की घसरते, असेही सांगून टाकतो. ते बरोबर नाही. साठ किलोच्या माणसाचा भार एवढ्या मोठ्या फळीवर पसरला की दाब वातावरणाच्या दाबाचा साठावा भागही जेमतेम होतो. बर्फाचा द्रवणांक एका अंशाने उतरवायला मात्र सुमारे १३० वातावरणांइतका दाब लागतो. बाउडन आणि ह्यूज यांनी १९३९ साली दाखवून दिले की घर्षणाच्या उष्णतेनेच पाण्याचा पातळ थर तयार होतो. त्यांचे काही प्रयोग स्वित्झर्लंडमध्येच, युंगफ्राउयोख येथे झाले होते.

तर घसरडेपणा सर्वांना सारखाच. मग जाणत्याला काय येते? उतार कमी करून घेणे. आपले घाटरस्ते तेच करतात, डोंगर तोच ठेवून वळणे घेत चढतात. तांबड्याच्या ४० टक्क्यांवर थेट खाली न जाता त्या दिशेशी ६० अंश करून तिरके निघाले, तर वाटेचा उतार २० टक्केच उरतो.

ही दिशा राखायला फळीची पोलादी कड लागते. फळी आडवी धरून डोंगराकडची कड हिमात रुतवली की ब्रेक लागतो. ती थोडी सैल केली की पिंपळपान झुलत खाली यावे तसे डावीउजवीकडे सरकत उतरता येते. शिकाऊंना पहिले दिवस हेच करायला लावतात. धोका असतो तो दुसऱ्या कडेचा. घाबरून किंवा थकून फळी सपाट झाली की दरीकडची कड हिमात अडकते. पाय जागीच थांबतात, गुरुत्वमध्य मात्र पुढे जातच राहतो. सायकलचा पुढचा ब्रेक करकचून दाबावा तसे शरीर त्या कडेभोवती फिरून आदळते. दोन्ही पाय बांधलेले, त्यामुळे पाऊल टाकून सावरता येत नाही. हात आपोआप पुढे येतात आणि मनगट मोडते. स्नोबोर्डवरच्या नवशिक्यांची ही नेहमीची दुखापत. मनगटरक्षकाने ती बरीच टळते, तरी ते घालायचा लोकांना कंटाळा!

सराव झाला की हीच कड वळायला उपयोगी पडते. फळी मध्ये कमरेसारखी निमुळती असते. ती कलती केली की कड वर्तुळाच्या कंसात हिमावर टेकते आणि फळी त्या कंसावरून धावते. सेकंदाला सहा मीटर वेगाने सात मीटर त्रिज्येचे वळण घ्यायचे तर सपाटीवर उभ्या रेषेपासून सुमारे २८ अंश कलावे लागेल. पडताळा मुलांकडून करून घ्यावा.

निष्णातांचा धोका निराळा आणि तो काळ्या उतारावरही फारसा नसतो. तो असतो आखलेल्या वाटांबाहेरच्या कोवळ्या हिमात. हिमाच्या थरांची मोठी लादी सुटून येते ती बहुधा ३० अंशांवरच्या उतारावर, आणि ती सोडवतो बहुतेकदा सापडलेला माणूस स्वतःच किंवा त्याचा सोबती. दावोसमध्येच हिम आणि हिमस्खलन यांचा अभ्यास करणारी संस्था १९४२ पासून आहे. हिवाळ्यात ती रोज धोक्याची पातळी एक ते पाच अशी जाहीर करते. स्वित्झर्लंडमधले जवळजवळ निम्मे मृत्यू तिसऱ्या पातळीला होतात. चार-पाचला लोक घरी बसतात, तीनला निघतात.

तीस अंश नजरेने ओळखणे कठीण, नकाशावर सोपे. स्विस आल्प्सच्या १:२५,००० नकाशात समोच्चरेषा २० मीटरांनी असतात. तीस अंशांवर २० मीटर उतरायला आडवे ३४.६ मीटर लागतात, म्हणजे नकाशावर १.४ मिलिमीटर. रेषा याहून दाटल्या की उतार ३० अंशांच्या वर. आपल्याकडचा १:५०,००० चा, २० मीटर अंतराच्या समोच्चरेषांचा नकाशा मिळाला तर हे अंतर ०.७ मिलिमीटर येईल. सह्याद्रीचा एखादा कडा घेऊन मुलांना भिंग आणि पट्टी द्या.