बर्फावरील हॉकी आणि बॉबी ऑरची उमेदवारी

चौदा वर्षांच्या मुलाची सही कायद्याच्या दरबारांत चालत नाहीं. म्हणून १९६२ सालीं कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतांतील पॅरी साउंड ह्या लहानशा गांवीं बॉबी ऑर नांवाच्या मुलाच्या भवितव्याचा जो कागद झाला, त्यास त्याच्या आईबापांची संमति घ्यावी लागली. कागद होता बॉस्टन ब्रुइन्स ह्या धंदेवाईक हॉकी संघाचा. मोबदला म्हणून कांहीं रोकड, एक मोटारगाडी आणि घराच्या बाहेरील भिंतींस नवा गिलावा एवढें ठरलें. पुढें ज्याची गणना त्या खेळांतील सर्वश्रेष्ठ गड्यांत झाली, त्याचा हा पहिला सौदा. तो स्वस्त होता कीं महाग, हें ठरविण्यापूर्वीं तो खेळ आणि त्या खेळाचा व्यवहार हीं दोन्हीं समजून घेतलीं पाहिजेत.

बर्फावरील हॉकी ही आपल्या इकडील हॉकीची दूरची बहीण म्हणावी, इतकेंच. क्रीडांगण म्हणजे सुमारें २०० फूट लांब व ८५ फूट रुंद असा बर्फाचा पट, सभोंवार कठडा. प्रत्येक पक्षाचे सहा गडी, पैकीं एक गोलरक्षक. चेंडूच्या जागीं टणक रबराची, एक इंच जाड व तीन इंच व्यासाची चकती असते. गडी पोलादी पात्यांचे बूट घालून घसरत धांवतात, आणि चकती ज्याच्यापाशीं आहे त्यास अंगानें धडक देऊन बाजूस सारणें हा येथें अपराध नसून खेळाचाच एक भाग आहे. वेग आणि धडक ह्यांचा हा संयोग गुडघ्यांस फार महाग पडतो. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण ऑरच्या कथेंत ती पुन्हां येणार आहे. मागच्या फळींतील दोन गड्यांचें काम म्हणजे आपलें गोल राखणें. चकती हातीं लागली कीं ती पुढच्या गड्याच्या स्वाधीन करावी आणि आपण जागेवर राहावें, असा जुना शिरस्ता होता.

आतां व्यवहार. अमेरिका व कॅनडा ह्यांतील मुख्य संघटनेंत १९६७ पर्यंत अवघे सहा संघ होते. म्हणजे धंदा म्हणून हा खेळ सर्वोच्च पायरीवर खेळणारे गडी उण्यापुऱ्या सव्वाशेंच्या आंतबाहेर. हे संघ कुमारांच्या संघांस पैसा पुरवीत आणि होतकरू मुलांकडून एक कागद लिहून घेत. त्यास ‘सी फॉर्म’ म्हणत. त्यावर एकदां सही झाली, कीं त्या मुलाच्या धंदेवाईक खेळावर त्याच एका संघाचा हक्क. पुढें दुसऱ्या संघाची इच्छा असो वा नसो, अटी पटोत वा न पटोत. नाहीं म्हणावयाचें तर खेळच सोडावा लागे. गरीब घरच्या मुलांस ह्या पद्धतीनें वाट मिळे, हें खरें; पण भाव ठरविणारा गिऱ्हाईकच असे, हेंही तितकेंच खरें.

बॉबीचा जन्म २० मार्च १९४८ चा. १९६१ च्या वसंत ऋतूंत गॅनानॉक्वे येथें मुलांचा एक सामना झाला. ब्रुइन्सचीं माणसें तेथें पाहावयास गेलीं होतीं ती भलत्याच मुलांना. दृष्टि खिळली ती ह्या तेरा वर्षांच्या, अंगानें किरकोळ पोरावर. ब्रुइन्स त्या काळीं संघटनेच्या अगदीं तळाशीं होते, आणि बुडत्याला काडीचा आधार हवाच असतो. रेन ब्लेअर नांवाचा त्यांचा मनुष्य वर्षभर पॅरी साउंडच्या वाऱ्या करीत राहिला आणि अखेर कागद घेऊनच परतला.

पहिल्या हंगामांत बॉबी ओशावा जनरल्स ह्या कुमार संघाकडून खेळला, पण राहिला स्वतःच्या घरीं. इतक्या कोवळ्या वयांत मुलानें परगांवीं राहूं नये, हा आईचा आग्रह. त्यामुळें आठवडाभर गांवच्या शाळेंत जावें, आणि सुटीच्या दिवशीं मोटारीनें लांबचा प्रवास करून सामना गांठावा, असा क्रम चालला. संघाबरोबर सराव असा नाहींच. प्रतिस्पर्धी अठरा-एकोणीस वर्षांचे बाप्ये. तरी मागच्या फळींतून ह्या मुलानें सहा गोल केले. पुढच्या वर्षीं तो ओशावा येथें एका कुटुंबांत राहावयास गेला, आणि मागच्या फळीच्या गड्यांचा तेथील गोलांचा उच्चांक त्यानें मोडला. चौथ्या हंगामांत त्याचे ३८ गोल झाले. जुना शिरस्ता त्यानें कोणाशीं वाद न घालतां मोडला: चकती मिळाली कीं तो स्वतःच ती घेऊन पुढें जाई, आणि वेगाच्या जोरावर वेळेवर परत मागें येई.

१९६६ सालीं त्यास अठरावें वर्ष पुरें झालें आणि ब्रुइन्सशीं प्रत्यक्ष वेतनाचा करार करण्याची वेळ आली. ब्रुइन्सचे व्यवस्थापक हॅप एम्स हे जुन्या वळणाचे. गड्यानें वकील घेऊन बोलणीं करावीं, ही कल्पनाच तोंवर ह्या खेळांत बहुतेकांस उद्धट वाटे. ऑर मंडळींनीं टोरोंटोचा तरुण वकील ॲलन ईगलसन ह्यास पुढें केलें. बराच काळ ओढाताण होऊन अखेर एम्सच्या बोटीवर सह्या झाल्या, आणि नवख्या गड्यास तोंवर कधीं मिळालें नव्हतें एवढें वेतन ऑरला मिळालें. पुढच्याच वर्षीं, १९६७ मध्यें, गड्यांची संघटना उभी राहिली. तिचा सूत्रधारही ईगलसनच.

पहिला सामना १९ ऑक्टोबर १९६६ रोजीं डेट्रॉइटशीं झाला. तीन दिवसांनीं मॉन्ट्रिऑलविरुद्ध पहिला गोल. डिसेंबरांत टोरोंटोच्या मार्सेल प्रोनोवोची धडक बसून डावा गुडघा दुखावला व कांहीं सामने घरीं बसावें लागलें. तरी ६१ सामन्यांत १३ गोल व २८ साहाय्यें होऊन नवोदितांचा कॉल्डर करंडक त्यासच मिळाला. संघ मात्र पुन्हां शेवटचाच आला! एक मुलगा म्हणजे कांहीं संघ नव्हे. पुढील हंगामांत पुन्हां दुखापत व गुडघ्यावर शस्त्रक्रिया. पण ब्रुइन्स त्या वर्षीं अंतिम फेऱ्यांत पोंचले, आणि सर्वोत्तम रक्षकाचा नॉरिस करंडक ऑरकडे आला. तो त्यानें लागोपाठ आठ वर्षें सोडला नाहीं. १० मे १९७० रोजीं स्टॅन्ले कपचा निर्णायक गोलही त्याचाच. बॉस्टनला तो कप १९४१ नंतर प्रथमच मिळाला.

दरम्यान मुलांस बांधून घेण्याची ती पद्धति मोडत चालली होती. १९६३ मध्यें मुलांची निवड संघांनीं पाळीपाळीनें करण्याची रीत सुरू झाली, आणि १९६९ पर्यंत जुने हक्क संपुष्टांत आले.

गुडघ्यानें मात्र सवलत दिली नाहीं. १९७६ मध्यें ऑर शिकागोच्या संघांत गेला. बॉस्टननें त्यास संघाच्या मालकींत सुमारें १८ टक्के हिस्सा देऊं केला होता, ही गोष्ट ईगलसननें त्याच्या कानावर घातलीच नाहीं, असें मागाहून उघड झालें. १९७८ मध्यें, तिसाव्या वर्षीं, ऑरनें खेळ सोडला. ईगलसननें १९९८ सालीं न्यायालयांत अफरातफरीचे गुन्हे कबूल केले व त्यास तुरुंगवास झाला. १९९० नंतरच्या दशकांत ऑरनें स्वतःच तरुण गड्यांच्या वतीनें करार ठरविण्याचा व्यवसाय पत्करला.